बेसबॉलमधला बंट दर वेळी हवेत उडतो: क्रिकेटमधून आलेल्या मुलांना कसं शिकवायचं?

तिसरा_बेस (नेरुळ)
नमस्कार मंडळी. १४ वर्षांखालची १६ मुलं आहेत, जवळपास सगळी क्रिकेट खेळणारी. स्विंग बरा आहे, पण बंट (बॅट न फिरवता चेंडू जवळच हळू पाडणं) म्हटलं की चेंडू एकतर कॅचरच्या (मागे उभ्या असलेल्या, यष्टिरक्षकासारख्या खेळाडूच्या) डोक्यावर उडतो, नाहीतर सरळ पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातात जातो, नाहीतर फाउल (लाइनींच्या बाहेर). ‘बॅट नुसती समोर धर’ हे सांगून सांगून थकलो. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास, लाल मातीचं मैदान. एवढ्यात काय आधी घ्यावं? आणि पाय पूर्ण समोर आणायचे की जागच्या जागी फिरवायचे?

लाल_माती (ठाणे पूर्व)
‘नुसती समोर धर’ यातच घोळ आहे. क्रिकेटच्या डिफेन्समध्ये मूठ वर, पातं खाली. तीच सवय इथे आली की बॅरल (बॅटचा जाड भाग) मुठीच्या खाली लोंबतो. तिथे पातं सपाट असतं, त्यामुळे नुसतं पुढे झुकवलं तरी चेंडू खाली बसतो. इथे बॅरल गोल आहे. चेंडू मध्याच्या जरासा वर लागला की उडालाच.

म्हणून बॅट सुरुवातीलाच स्ट्राइक झोनच्या (ज्या पट्ट्यातून आलेला चेंडू वैध धरतात त्याच्या) वरच्या कडेला धरायला लावा, म्हणजे खांदे आणि कमरपट्टा यांच्या साधारण मधोमध. बॅरल मुठीपेक्षा वर, ३० ते ४५ अंश. बॅटच्या वरून येणारा चेंडू तसाही ‘बॉल’ (झोनबाहेरचा) आहे, सोडून द्यायचा. खाली आला तर गुडघे वाकवायचे, हात नाही! डोळे आणि बॅरल यांच्यातलं अंतर शेवटपर्यंत तेवढंच राहिलं पाहिजे. मुलगा हात खाली सोडतोय का, हे बाजूला उभं राहून बघा. समोरून ते कळत नाही.

पकड: उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा हात बॅरल जाड व्हायला लागतो तिथपर्यंत सरकवायचा. अंगठा वर, तर्जनी मागे दुमडलेली, बाकीची मूठ बॅटच्या आड. पुढच्या बाजूला एकही बोट दिसता कामा नये, नाहीतर चेंडू आणि बॅट यांच्यात चिरडतं. पकड सैल हवी. इथे मात्र क्रिकेट कामाला येतं: फिरकीसमोर हात ढिले सोडून चेंडू पायाशी पाडतात ना, अगदी तेच. बॅट चेंडूकडे ढकलली की तो पिचरकडे जाणारच.

फाउलचं कारण बहुतेक उभं राहण्याची जागा. मुलं बॉक्सच्या (बॅटरने उभं राहायच्या चौकटीच्या) मागच्या भागात उभी राहतात. पुढच्या कडेजवळ आणा, म्हणजे बॅट प्लेटच्या (बॅटरजवळच्या जमिनीवरच्या पाटीच्या) पुढे येते आणि चेंडू फेअर भागात (दोन्ही लाइनींच्या आत) पडायला जागा मिळते.

डावखुरा_कॅचर (कोपरखैरणे)
पायांबद्दल: जागच्या जागीच फिरवा. दोन्ही चवड्यांवर वळायचं, पट्ट्याचं बक्कल पिचरकडे, वजन थोडं पुढच्या पायावर. पूर्ण समोर उभं राहिलं की मागचा पाय प्लेटवर पडतो, आणि पूर्ण पाऊल बॉक्सबाहेर टेकलेलं असताना चेंडूला बॅट लागली तर बॅटर आउट. शिवाय अंगावर आलेल्या चेंडूपासून सरकायला वेळ मिळत नाही.

दिशा बॅट ओढून द्यायची नाही, कोन आधीच लावून ठेवायचा. उजव्या बॅटरला तिसऱ्या बेसकडे हवा असेल तर नॉब (बॅटचं मुठीकडचं टोक) पोटाकडे, बॅरल किंचित पुढे. पहिल्या बेसकडे हवा तर उलट. पहिल्या बेसवर रनर असेल तर पहिल्या बेसच्या बाजूला टाका, कारण तिथला फिल्डर रनरला धरून बेसजवळच थांबलेला असतो. दुसऱ्या बेसवर रनर असेल तर तिसऱ्याच्या बाजूला, म्हणजे तिथल्या फिल्डरला बेस सोडून पुढे यावं लागतं.

सरावाचा क्रम: पहिल्या दिवशी बॅटच नको. १५ फुटांवरून टेनिस बॉल हळू टाका, वरच्या हाताने बॅरलच्या जागी नुसता झेलायला लावा, प्रत्येकी १०. मग त्याच हातात बॅट आखूड धरून १०. मग दोन्ही हात. खरा चेंडू त्यानंतर, ४० फुटांवरून, हेल्मेट घालूनच. दोन्ही लाइनींच्या आत ४-५ फुटांवर, प्लेटपासून १० ते २५ फुटांच्या पट्ट्यात चुना मारा. चेंडू त्यातच थांबला पाहिजे. पावसाळ्यात ओल्या मातीत तो लगेच रुततो, मे महिन्यात पट्टा ओलांडून जातो, तेव्हा बॅरलच्या टोकाजवळ घ्यायला सांगा, वेग मरतो. बॉक्स क्रिकेटच्या टर्फवर झेलण्याचा सराव ठीक, पट्ट्याचा नको. चेंडू घसरत जातो.

लाल_माती (ठाणे पूर्व)
पायांवर थोडा मतभेद. अगदी नवख्याला पूर्ण समोर उभं राहून दोन्ही डोळ्यांनी चेंडू नीट दिसतो. पहिले दोन आठवडे तसं चालेल. पण बॉक्स चुन्याने आखूनच, ते तुमचं बरोबर.

पंच_काका (कळवा)
नियम कच्चे राहिले तर चांगला बंटही वाया जातो. दोन स्ट्राइक असताना बंट फाउल गेला तर बॅटर बाद, स्विंगसारखी सूट नाही. हवेत उडालेल्या बंटला इनफिल्ड फ्लाय (सोपा उंच झेल असेल तर तो पकडण्याआधीच बॅटरला बाद देण्याचा नियम) लागू नाही, म्हणून फिल्डर मुद्दाम चेंडू पडू देऊन डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) करू शकतो. तेव्हा रनरने चेंडू खाली जाताना दिसेपर्यंत निघायचं नाही. सुइसाइड स्क्वीझ (तिसऱ्या बेसवरच्या रनरला होमला आणण्यासाठीचा बंट) वेगळा: तिथे रनर पिचबरोबरच सुटलेला असतो, बॅटरने कुठलाही चेंडू अडवायचाच.

क्रिकेटवाल्यांची आणखी एक खोड म्हणजे बॅट घेऊन पळणं. बॅट टाकायची, पण चेंडूच्या वाटेत नाही. पहिल्या बेसकडे जाताना शेवटचे ४५ फूट लेनमध्येच (लाइनलगत आखलेल्या पट्ट्यात). आत घुसून थ्रो अडवला तर आउट.

तिसरा_बेस (नेरुळ)
खूप आभार. बॅट कधी दाखवायची? मुलं फार लवकर वळतात, तिसरा बेसवाला पुढेच येऊन उभा राहतो.

डावखुरा_कॅचर (कोपरखैरणे)
सॅक्रिफाइसला (स्वतः बाद होऊन रनरला पुढे नेणाऱ्या बंटला) पिचरने पुढचा पाय उचलला की वळायचं. तिसरा बेसवाला येईल, येऊ द्या. तिथे रनर पुढे सरकवणं महत्त्वाचं, लपवणं नाही. स्वतः बेसवर पोहोचण्यासाठीचा बंट असेल तर पिचरचा पाय जमिनीला टेकेपर्यंत थांबायचं. पण तो महिनाभर तरी शिकवू नका. घाईत हात पुन्हा खाली येतात.