व्हल्कन म्हणजे अंतराळातले एल्फ का?

प्रश्न: १९६६ साली आलेल्या ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेतल्या, व्हल्कन या परग्रहवासी वंशाच्या स्पॉकचे टोकदार कान आणि वर चढत गेलेल्या भुवया पाहून मला लेखक टॉल्किनच्या कल्पित कथांमधले एल्फ, म्हणजे मानवासारखे दिसणारे अमर लोक, आठवतात. हे साम्य दिसण्यापुरतेच आहे का?

पहिला प्रतिसाद: मुळीच नाही. मानव आई आणि व्हल्कन वडील यांचा मुलगा असलेल्या स्पॉकला आपण नेमके कोणाचे, हा प्रश्न सतत छळतो. टॉल्किनच्या कथांमधल्या अर्ध-एल्फ एल्रॉन्डलाही एल्फ की मानव, ही निवड करावीच लागली होती. हे साम्य मला कानांपेक्षा कितीतरी खोल वाटते.

दुसरा प्रतिसाद: मात्र एल्फ गाण्यात रमतात, तर व्हल्कन भावनांना तर्काने आवर घालतात. थेट उसनवारी १९८७ च्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या खेळात दिसते. तिथे टॉल्किनच्या कथांमधले क्रूर योद्धे, ऑर्क, नावासकट अंतराळात पोहोचले.

तिसरा प्रतिसाद: आणि ड्वॉर्फ हे बुटके लोकसुद्धा, स्क्वॉट या नावाने!