शब्दचर्चा : घोड्यांच्या ‘क्रॉस कंट्री’ शर्यतीला मराठीत काय म्हणावे?

डिचोलीहून, चर्चेची सुरुवात

माझा पुतण्या इंग्लंडात स्विंडनला असतो. तिथून चेल्टनहॅम जवळ, म्हणून मार्चमधल्या शर्यतींना तो न चुकता जातो. चार दिवस, २८ शर्यती. आमच्या वाचनालयाच्या अंकासाठी त्याने त्यावर लेख लिहिला आणि भाषा तपासायला माझ्याकडे पाठवला. लेख छान उतरलाय, पण एका शब्दापाशी मी आठवडाभर अडून बसलो आहे.

त्या २८ पैकी एक शर्यत बाकीच्यांहून निराळी. एरवी घोडे आखीव धावपट्टीवर एकाच अंगाला वळत धावतात आणि बर्चच्या काटक्यांची, साधारण एका मापाची कुंपणे ओलांडतात. इथे धावपट्टीच्या पोटातल्या माळावर वाट आखलेली असते. ती मध्येच डावीकडे जाते, मध्येच उजवीकडे, आणि फिरून स्वतःलाच छेदते. सुमारे ६ किलोमीटरांत ३२ अडथळे, तेही नाना तऱ्हेचे : मातीचे बांध, जिवंत झुडपांची कुंपणे, लाकडी दांडे, पाण्याचे चर. २००५ साली हा उत्सव तीन दिवसांवरून चार दिवसांचा झाला, तेव्हा ही शर्यत त्यात आली.

पुतण्या लिहितो की ही शर्यत लागली की शेजारचे निम्मे लोक कठड्याला येऊन चिकटतात आणि निम्मे बिअर आणायला उठतात. वीस वर्षे झाली, तरी शौकिनांचे हिच्याबद्दल एकमत नाही. त्याने लेखभर ‘क्रॉस कंट्री शर्यत’ लिहिलेय. आपल्याकडे हे शब्द ऐकले की शाळेची मुले डांबरी रस्त्याने पळताना दिसतात, घोडा काही दिसत नाही. मनात तीन शब्द आहेत : अडथळ्यांची शर्यत, रानशर्यत, मुलूखदौड. कुठला घ्यावा? नवा सुचला तर त्याचेही स्वागत.

म्हापशाहून

‘अडथळ्यांची शर्यत’ म्हणा आणि मोकळे व्हा. सगळ्यांना कळते.

डिचोलीहून

सगळ्यांना कळते, पण दुसरेच काहीतरी कळते, हीच अडचण आहे. ११० मीटर धावणाऱ्या मुलांची ती ‘अडथळा शर्यत’. आणि बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळेने २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ज्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्ण मिळवले, तिलाही वर्तमानपत्रे ‘अडथळ्यांची शर्यत’च म्हणतात. शिवाय सरकारी कचेरीत फाईल फिरली तरी तीही अडथळ्यांची शर्यत. इतक्या ठिकाणी राबलेला शब्द आणखी एका कामाला जुंपू नये, असे मला वाटते.

‘स्टीपलचेस’चा उगम इथे सांगायलाच हवा, कारण आपल्या वादाचे मूळ तिथे आहे. १७५२ साली आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोन गृहस्थांनी पैज लावली : बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत घोडा आधी कोण नेतो. अंतर साडेचार मैलांच्या आसपास. वाट आखलेली नव्हती. दूरवर दिसणारा चर्चचा मनोरा, म्हणजे ‘स्टीपल’, तेवढीच खूण, मधे येईल ते ओलांडायचे. दिवाडी बेटाच्या फेरीबोटीतून उतरून खाजनाच्या (खाऱ्या पाण्याकाठच्या शेतजमिनीच्या) बांधावर उभे राहिले की टेकडीवरचे पिएदाद चर्च दिसते, तसे. तिथे मी प्रत्येक वेळी हा प्रसंग मनात रंगवतो.

म्हणजे मुळात शर्यत ही मुलखातूनच होती. नंतर प्रेक्षकांना सगळे दिसावे म्हणून ती गोल पट्टीवर आली, कुंपणे एका मापाची झाली. चेल्टनहॅमची ही शर्यत त्या जुन्या प्रकाराची आठवण आहे, असे तिच्या बाजूचे लोक म्हणतात. मीही त्यांच्याच बाजूचा, हे आधीच सांगून टाकतो.

पर्वरीहून

मी मूळ पुण्याचा, रेसकोर्सच्या आवाजात वाढलेला. म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आपल्याकडे व्यावसायिक रेस होते ती सपाट पट्टीवर. महालक्ष्मीची इंडियन डर्बी २४०० मीटर, अडीच मिनिटांत निकाल. त्या अडीच मिनिटांत वेग, वजन, जॉकीची अक्कल, घोड्याचा वंश सगळे पणाला लागते. चेल्टनहॅमच्या या प्रकाराचे चित्रण मी पाहिले आहे. आठ मिनिटांहून जास्त चालते आणि पहिली पाच मिनिटे घोडे एकामागून एक दुडक्या चालीने वळणे घेत असतात. कोण कुठे आहे ते उभ्या माणसाला कळत नाही. मागच्या साध्या शर्यतींवरून इथला अंदाज बांधता येत नाही, त्यामुळे भाव काढणेही अंधारातले. कवायत म्हणा, कसरत म्हणा. माझ्या मते ‘शर्यत’ हा शब्द हिला शोभत नाही. ‘दौड’च बरी.

दुसरे. पूर्वी हिच्यात हँडिकॅप असे, म्हणजे सरस घोड्याच्या पाठीवर जास्त वजन. २०१६ पासून ते काढले, आणि मोठ्या शर्यतींत थकलेले नामवंत घोडे इकडे येऊन लहानांना सहज हरवू लागले. २०२५ ला वजनाची पद्धत परत आणली, ते योग्यच झाले. २०२४ ला तर पाणी साचल्यामुळे शर्यतच रद्द झाली आणि माझ्या ओळखीच्या दोघातिघांना तिची उणीवही भासली नाही.

शब्दापुरते म्हणाल तर ‘रान’ मला चालेल. आमच्या सासवडकडे ‘रानात गेलाय’ म्हणजे शेतात गेलाय.

वाळपईहून

पर्वरीच्या सरांना नम्रपणे सांगते, आमच्या सत्तरीत ‘रानात गेलाय’ म्हटले तर घरचे काळजीत पडतात. इथे रान म्हणजे म्हादईचे अभयारण्य, गवे आणि अस्वले. ‘रानशर्यत’ वाचून आमचा माणूस झाडीतून पळणारे घोडे बघेल. घाटावर रान म्हणजे शेत, घाटाखाली जंगल. हा शब्द दोन्हीकडे एकसारखा वाचला जाणार नाही.

अडथळ्यांच्या नावांसाठी मात्र कोशात शिरायची गरजच नाही. डिचोलीच्या काकांनी जी यादी दिली ती आमच्या वाड्यावरून चालत गेले तरी पुरी होते. दगडावर दगड रचून, मातीचुना न लावता उभा केलेला तो गडगा. निवडुंगाची, शेराची किंवा काट्यांची ती वई. कोकणीत आम्ही वंय म्हणतो. वईतून आत जायला आडव्या सरकत्या दांड्यांचे बेडे. दोन कुणग्यांमधली, म्हणजे भातखाचरांमधली, मातीची मेर, आणि पाणी अडवायला उभा केलेला मोठा तो बांध. पावसाचे पाणी काढून द्यायला चर, नैसर्गिक वाहतो तो व्हाळ. तुमच्या पुतण्याने ‘लाकडी अडथळा’, ‘झुडपांचा अडथळा’, ‘मातीचा अडथळा’ असे लिहिले असेल तर कृपा करून बदला. शेतकऱ्याच्या हातून घडलेल्या गोष्टी आहेत त्या. घोड्याला आडव्या येतात म्हणून त्यांचे नाव अडथळा होत नाही.

आणि घोड्यांचा विषय निघालाच आहे तर : आमच्याकडे शिगम्यात घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा बांधून, हातात तलवार घेऊन, ढोलताशावर पुढे-मागे पावले टाकतात. तिथेही वेग कोणी मोजत नाही. पाऊल कसे पडते ते बघतात. कवायत आणि कसरत हे शब्द सरांनी उणे म्हणून वापरले, मला ते उणे वाटत नाहीत.

वास्कोहून

सैन्यात होतो, म्हणून एक खुलासा. ‘क्रॉस कंट्री’ हा शब्द घोडेस्वारीत आणखी एका खेळाचा आहे. इव्हेंटिंग नावाच्या त्या खेळात तीन परीक्षा असतात : ड्रेसाज (ठरवून दिलेल्या चालींची कवायत), क्रॉस कंट्री आणि शो जंपिंग (मैदानातल्या अडथळ्यांवरून उड्या). १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताने याच खेळात सुवर्णपदके जिंकली, आणि फवाद मिर्झा तोक्योच्या ऑलिंपिकमध्ये यातच २३ वा आला. पण तिथे घोडे एकेक सुटतात. स्पर्धा घड्याळाशी आणि गुणांशी. शेजारी दुसरा घोडा नसतो.

म्हणून माझे मत पर्वरीकरांच्या उलट आहे. ‘शर्यत’ हा शब्द ठेवायलाच हवा, नाहीतर दोन खेळांची सरमिसळ होईल. दौड एकट्यानेही मारता येते. शर्यतीला दुसरा लागतो.

डिचोलीहून

वास्कोच्या साहेबांनी माझे काम सोपे केले. ‘शर्यत’ आणि ‘शर्त’ एकाच अरबी मुळाचे. जुन्या मराठीत शर्यत म्हणजे आधी पैज, धावणे नंतर. बटेव्हंटच्या त्या दोघांनी लावली ती अक्षरशः शर्यत होती. पर्वरीकर, तुम्ही ज्या कारणाने हा शब्द हिला नाकारता त्याच कारणाने तो हिचा आधी ठरतो.

‘मुलूखदौड’ मी स्वतःच मागे घेतो. मुलूखगिरीचा वास येतो त्याला, आणि ‘घोडदौड’ तर वर्तमानपत्रांनी क्रिकेट संघांच्या विजयाला देऊन टाकली आहे.

आता इथे वेगाचा कस लागत नाही, या पर्वरीकरांच्या सुराबद्दल. टायगर रोल या घोड्याचे उदाहरण घ्या. अंगाने लहानखुरा. त्याने चेल्टनहॅमची ही शर्यत २०१८ आणि २०१९ ला जिंकली, आणि दोन्ही वर्षी काही आठवड्यांतच लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावरची ग्रँड नॅशनल ही मोठी शर्यतही जिंकली, ३० कुंपणांची. लागोपाठ दोन वर्षे नॅशनल त्याच्याआधी जिंकली होती रेड रमने, १९७३ आणि १९७४ ला. मधल्या काळात टायगर रोल संपला असे लोक म्हणू लागले, आणि २०२१ ला तो या बांधा-वयांत परतून घोड्याच्या १८ लांबींनी पुढे आला. मला इथे घोड्याचे मन दिसते. गोल पट्टीला कंटाळलेले जनावर वळणे आणि बांध दिसले की कान टवकारते, असे या शर्यतीच्या बाजूचे लोक सांगतात, आणि मला ते पटते. ‘निवृत्तीला आलेल्यांची सोय’ असे विरोधक याच गोष्टीला म्हणतात. घोडा तोच, वर्षे तीच.

आयर्लंडच्या पंचेसटाउनला तर बांधांवरच्या शर्यतीची परंपरा जुनी आहे. तिथला ला टूश चषक रिस्क ऑफ थंडर या घोड्याने सात वेळा जिंकला. त्याचा मालक होता नट शॉन कॉनरी.

मडगावहून

शब्द सापडेलच, पण जनावराचे काय? चेक देशातल्या पार्डुबिसच्या शर्यतीबद्दल मी वाचले आहे. १८७४ पासून चालू, ६९०० मीटर, ३१ अडथळे, काही वाट नांगरलेल्या जमिनीवरून. ‘टॅक्सिस’ नावाचा तिथला खंदक वर्षातून एकदाच, त्याच दिवशी ओलांडतात, आणि त्यापायी घोडे मेले आहेत. १९९२ ला प्राणिमित्र थेट शर्यतीच्या वाटेवर उतरले होते. आपल्याकडे १९९६ ला न्यायालयाने धिर्यो, म्हणजे बैलांच्या झुंजी, बंद केल्या, तरी त्यावरून घरात भांडणे होतात. परंपरा हा शब्द दोन्हीकडे ऐकू येतो, म्हणून मी जरा सावध असते.

डिचोलीहून

ताई, सावध राहायलाच हवे. टॅक्सिस पुढे बराच सौम्य केला, आणि त्यावरही तिथल्या शौकिनांत दोन तट पडले : खंदक भरला म्हणजे शर्यत भरून टाकली, असे म्हणणारे अजून आहेत. मी त्यांच्यात नाही. घोडा जगला तर शर्यत जगेल.

पण टॅक्सिस हा उडी मारायचा खंदक आहे. चेल्टनहॅम आणि पंचेसटाउनचे बांध वेगळे. तो बांध एका झेपेत पार होत नाही. घोडा वर चढतो, माथ्यावर क्षणभर पाय टेकतो, पाय बदलतो आणि पलीकडे उतरतो. भरधाव आला तर चुकतो, म्हणून त्याला आधीच वेग आवरावा लागतो. पर्वरीकरांना जी दुडकी चाल खटकते ती इथून येते. यासाठी क्रियापदही वेगळे हवे. कुंपणावरून ‘उडी मारली’, वई ‘ओलांडली’, पण बांध ‘चढून उतरला’. पुतण्याने सगळीकडे ‘पार केला’ लिहिले आहे, आणि त्यात ही सगळी गंमत बुडते.

वाळपईहून

काका, ‘आडवाट’ का नको? घाटावरही कळते, घाटाखालीही. जंगल नाही, लढाई नाही. रस्ता सोडून आडव्या गेलेल्या वाटेने धावायचे, आणि जे आडवे येईल ते ओलांडायचे. आडवाटेची शर्यत.

पर्वरीहून

‘शर्यत’बद्दलचे माझे मत कायम. पण ‘आडवाट’ चांगला आहे. आमच्या सासवडलाही हाच शब्द आहे.

डिचोलीहून

घेतला. ताई, मनापासून आभार.

पुतण्याच्या लेखातले वाक्य असे होते : ‘क्रॉस कंट्री शर्यतीत टायगर रोलने सर्व अडथळे सहज पार केले.’ आता ते असे छापायला जाईल : ‘आडवाटेच्या शर्यतीत टायगर रोल वया ओलांडत, बांध चढून उतरत आला, आणि शेवटच्या वळणावर त्याच्या मागे कोणी नव्हते.’