कूलरच्या मोटर ब्रॅकेटचा बॉस वेल्ड लाइनवरच फुटतो, काय करू?

राम राम मंडळी. हिंगणा एमआयडीसीत छोटं मोल्डिंग युनिट आहे आमचं, कूलरच्या मोटरचा ब्रॅकेट काढून राहिलो, मटेरियल नायलॉन ६, ३० टक्के ग्लास फायबर. ४ एमएमचा स्क्रू मारला की बॉस (स्क्रू बसायचा पोकळ खांब) उभा चिरतो, दरवेळी गेटच्या, म्हणजे माल आत शिरायच्या तोंडाच्या, उलट्या बाजूनं, तिथं केसासारखी रेष दिसते, तीच वेल्ड लाइन. होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर मालावर धरून ठेवायचा दाब) वाढवलं तर रेष पुसट झाली पण फुटणं काही थांबलं नाही. पार्टी म्हणते ग्लास ४० टक्के करा. उन्हाळा तोंडावर आहे, काहून होऊन राहिलं असं?

उत्तर १
भाऊ ग्लास वाढवू नका, अजून बिघडेल. बॉसचं भोक पाडणाऱ्या पिनेला वळसा घालून वितळलेला माल दोन फाट्यांनी येतो आन मागं भेटतो, तिथं ग्लासचे तंतू रेषेच्या बाजूनंच झोपतात, आडवे एकमेकांत शिरत नाहीत, म्हणजे त्या जागी नुसतं नायलॉन धरून असते आन तेही तोंडं थंडावल्यावर चिकटलेलं. होल्डिंग लागते तोवर ही भेट होऊन गेलेली असते, म्हणून रेष पुसट होते पण जोड कच्चाच राहतो. डायला (साच्याला) पाणी कोणतं लावलंय?

प्रश्नकर्ता
चिलरचं, १५ डिग्री. सायकल टाइम (एक पार्ट निघायचा वेळ) वाचतो ना.

उत्तर १
तिथंच घात आहे! एमटीसी (डाय ठरावीक तापमानावर ठेवायचं यंत्र) लावा, डाय ८०-९० डिग्रीवर घ्या, माल २७० च्या आसपास, इंजेक्शन स्पीड वाढवा. सायकल लांबेल, लांबू द्या.

उत्तर २
दादांचं बरोबर आहे, पण स्पीड वाढवताना रेषेच्या टोकाला करपल्याचा डाग आला तर हवा अडकली समजा, व्हेंट (डायमधली हवा निघायची फट) साफ करा, नसेल तर काढून घ्या, नायलॉनला ०.०१ ते ०.०२ एमएम पुरे, जास्त केला तर फ्लॅश येतो, म्हणजे माल फटीतून बाहेर निघतो. सिलिकॉन स्प्रे मारत असाल तर आधी बंद करा, तो मालाच्या तोंडावर बसून थेट जोडात जातो. आणि पिनेचा डाया मोजा, ४ च्या स्क्रूला ३.२ चं भोक आणि बाहेरून ८ चा बॉस पाहिजे. भोक लहान असेल तर स्क्रू पाचरीसारखा बॉस फाडतो आणि फाटतं कच्च्या जागीच.

उत्तर ३
एक राहिलं, मशीनवरून काढलेला नायलॉन एकदम कोरडा अन् ठिसूळ असतो, आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत तो ओल धरतच नाही लवकर. पार्ट आधी पाण्यात मुरू द्या मग स्क्रू मारा. पण यानं जोड पक्का होत नाही, डायचं काम टाळू नका.

प्रश्नकर्ता
पिन मोजली, २.९ निघाली! टूलरूमला पाठवली, एमटीसी उद्या शेजारच्या युनिटमधून आणतो.