प्रश्न सहीचा आहे

अमेरिकेत केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या कामावरच्या दुखापतीच्या दाव्यांत नर्स प्रॅक्टिशनर (तपासणी करून औषधं लिहून देऊ शकणाऱ्या, जादा शिकलेल्या नर्स) आणि फिजिशियन असिस्टंट (डॉक्टर नसलेले, पण उपचार करणारे प्रशिक्षित सहायक) यांचीही सही चालावी, असं विधेयक मांडलं गेलं. त्यावर एकांनी विचारलंय, "नर्सला डॉक्टरच्या खुर्चीत बसवायचं का?" विधेयकात तसं काही नाही. या कर्मचाऱ्यांचा भरपाई कायदा १९१६ चा. त्यातल्या 'फिजिशियन'च्या (डॉक्टरच्या) व्याख्येत दंतवैद्य बसतात, हातांनी मणक्यावर उपचार करणारे कायरोप्रॅक्टरही (फक्त मणक्यापुरते) बसतात. नर्स प्रॅक्टिशनर आणि फिजिशियन असिस्टंट मात्र बसत नाहीत.

समजा, खेड्यातला पोस्टमन बर्फावरून घसरला, गुडघा सुजला. जवळच्या दवाखान्यात असते ती नर्स प्रॅक्टिशनरच. ती तपासते, औषधं लिहून देते. पण अहवालावर डॉक्टरचीही सही नसेल तर दाव्यात तो वैद्यकीय पुरावा धरत नाहीत. अशा अपघातानंतर ४५ दिवसांपर्यंत पगार चालू राहू शकतो, पण पुरावा १० दिवसांत पोचला नाही तर तो थांबवता येतो. मग सुजलेला गुडघा घेऊन सहीसाठी दूरच्या शहरात जायचं? मला हे साफ अन्यायाचं वाटतं.

शिवाय विधेयकातून सहीचा अधिकार मिळणार तोही राज्याच्या परवान्याच्या मर्यादेतच. २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने विधेयक मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते अडलं. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांसाठी मात्र २०१६ मध्येच नियम करून नर्स प्रॅक्टिशनरना स्वतंत्रपणे उपचार करायची मुभा दिली गेली. एक खातं त्यांच्या हाती सैनिक सोपवतं, दुसरं त्यांची सही मानत नाही!