दूध-तुपाविना घरचा खाऊ आणि पेये: मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरांचे अनुभव

आमंत्रण

दूध, दही, तूप आणि मध न वापरता गोडधोड व पेये करणारी घरे आता आपल्या ओळखीपाळखीतही आढळतात. कुणी प्राण्यांच्या कळवळ्याने हा मार्ग धरलेला असतो, कुणाला दूध पचत नाही, तर कुणाची शिकायला बाहेर गेलेली मुले हा विचार घेऊन घरी परतलेली असतात. त्यांतल्या बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो तो चियाचे बी, किन्वाचे दाणे आणि माचा म्हणजे हिरव्या चहाची पूड यांची महाग पाकिटे आणण्याचा. या वस्तूंबद्दल माझी तक्रार नाही, पण त्यांच्यावाचून व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारे काहीच न वापरलेला, खाऊ होतच नाही हा समज मला मान्य नाही. पावसाचा भरवसा नसलेल्या या प्रदेशात तग धरून राहिलेली ज्वारी, जवस, करडई, तीळ आणि हुलगे ही पिके पोषणात कुठेही उणी नाहीत. उणीव असते ती कृतीत, म्हणजे काय भिजवायचे, काय भाजायचे, काय कुटायचे आणि काय अजिबात तापवायचे नाही हे ठाऊक असण्यात. म्हणून प्रत्यक्ष घरी जे करता तेच, आणि तसे का करता यासह लिहावे, अशी विनंती मी आठही जिल्ह्यांतल्या परिचितांना केली. आलेल्या मजकुरातला निवडक भाग पुढे देत आहे.

लातूर, गृहिणी

आमच्याकडे सोयाबीन शेतातून थेट आडतीवर जाते आणि घरात फारसे शिजत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटायचे. माझ्या धाकट्या मुलीने दूध सोडल्यापासून मात्र सोयाबीनचे दूध हा आमच्या घरातला रोजचा पदार्थ झाला आहे. त्याविषयी सविस्तर लिहिते, कारण ते नीट केले नाही तर त्याला एक उग्र, कच्चा वास येतो आणि माणूस पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही.

सर्वांत आधी एक सावधगिरीची गोष्ट. शेतकऱ्यांच्या घरात पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याच्या पिशव्या असतात आणि त्या बियाण्याला अनेकदा औषध लावलेले असते. ते बियाणे खाण्यासाठी कधीही वापरू नये. खाण्याचे सोयाबीन वेगळे, निवडून पाखडून ठेवलेले असावे.

एक वाटी सोयाबीन रात्रभर भरपूर पाण्यात भिजत घालते. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदलावे लागते, नाहीतर ते आंबते. सकाळी दाणे हाताने चोळून वर तरंगणारी टरफले पाण्याबरोबर ओतून देते आणि सोललेले दाणे उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटे घालून लगेच गरम पाण्याबरोबरच मिक्सरमध्ये वाटते. उग्र वासाचे कारण दाण्यातलेच एक विकर (एन्झाइम) असते. दाणा थंड पाण्यात फुटला की ते कामाला लागते आणि उष्णतेने निकामी होते, म्हणून वाटताना पाणी गरमच हवे. एका वाटीला सात ते आठ वाट्या पाणी पुरते. नंतर सुती पंचातून पिळून घ्यायचे आणि मोठ्या पातेल्यात मध्यम आचेवर सतत ढवळत वीस मिनिटे उकळायचे. हे उकळणे टाळता येत नाही, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात आणि ते चांगले शिजल्यावरच निष्प्रभ होतात. शिवाय या दुधाला खरी उकळी येण्याआधीच फेस वर येतो. तो पाहून गॅस बंद करू नये, आच कमी करून पुढे चालू ठेवावे.

पंचात उरलेला चोथा मी थालीपिठाच्या भाजणीत मिसळते. चहा करायचा असेल तर उकळत्या चहात हे दूध ओतले की ते फाटते, म्हणून चहा मिनिटभर निवू देऊन तो कोमट दुधात ओतावा. सासूबाई अजूनही म्हशीच्या दुधाचाच चहा घेतात आणि त्यात मला काही गैर वाटत नाही, पण नातीसाठी सोयाबीन भिजत घालण्याची आठवण रात्री त्याच करून देतात.

औसा तालुका, शेतकरी

आमच्या लातूर-धाराशिव भागात येळवस हा शेतातला मोठा सण असतो आणि त्या दिवशी आंबिलीशिवाय पंगत उठत नाही. आंबिलीत ताक असते, त्यामुळे व्हीगन झालेल्या पुतण्याला त्या दिवशी फक्त भज्जी आणि उंडे खाऊन उठावे लागले असते. तसे होऊ नये म्हणून घरातल्या बायकांनी ज्वारीचे पीठ आदल्या दिवशी कोमट पाण्यात कालवून मातीच्या गाडग्यात झाकून ठेवले. पिठातच असलेल्या सूक्ष्मजीवांमुळे त्याला आपोआप आंबटपणा येतो. येळवस ऐन थंडीत येते, म्हणून गाडगे चुलीजवळ ठेवावे आणि पीठ पुरते आंबायला जास्त वेळ द्यावा. आंबलेले पीठ पाण्यात सारखे करून, गुठळी होऊ न देता शिजवायचे, पूर्ण निवू द्यायचे आणि मग ठेचलेला लसूण, जिरे, हिरवी मिरची, कोथिंबीर व मीठ घालायचे. ताकाचा दाटपणा हवा असेल तर भिजवून बारीक वाटलेले शेंगदाणे पातळ करून थोडे उकळावे आणि निवल्यावर मिसळावे. चवीत फरक पडतो हे खरे आहे, पण आंबीलच पितो आहोत याबद्दल शंका राहत नाही. आता आमच्या शेतात दोन बिंदगी जातात, एक ताकाची आणि एक बिनताकाची.

परभणी, शेती संशोधनातून निवृत्त

वरील अनुभवाला एक जोड द्यावीशी वाटते. धान्यातले लोह शरीराला सहज मिळत नाही, कारण धान्यातले फायटेट नावाचे घटक ते धरून ठेवतात. पीठ आंबवले किंवा धान्याला मोड आणले की हे घटक कमी होतात, म्हणजे आंबील ही चवीइतकीच पोषणाचीही युक्ती आहे. लोहयुक्त खाऊबरोबर आवळा, लिंबू किंवा पेरू घ्यावा, कारण क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते, आणि चहा-कॉफी मात्र तास-दीड तास दूर ठेवावी.

येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला. ही गोष्ट आपल्याच भागातल्या घरांना पुरेशी ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हा बाजरी-ज्वारीची रंगीत पाकिटे शहरांत विकली गेली, पण आपल्या गावांत त्याच वेळी ज्वारीच्या भाकरीची जागा गव्हाची पोळी घेत होती.

आमच्या घरी नातवंडांसाठी ज्वारीच्या लाह्यांचे लाडू होतात. लाह्या निवडून मिक्सरमध्ये भरडसर दळायच्या, त्यात भाजून कुटलेले तीळ, भाजलेले जवस आणि खारकेची पूड घालायची आणि किसलेला गूळ दोन चमचे पाण्यात फक्त विरघळवून ते मिश्रण गरम असतानाच वळायचे. पक्का पाक केला तर लाडू दगडासारखे होतात. तुपाची जागा घाण्यावरचे तिळाचे तेल चमचाभर घेते. जवस मात्र नेहमी भाजून दळूनच घालावे, कारण अख्खे दाणे बहुतांशी न पचताच बाहेर पडतात. दळलेल्या जवसाला लवकर खवट वास लागतो, म्हणून आठवड्यापुरतेच दळून हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रीजमध्ये ठेवावे.

नांदेड, विद्यार्थी

माझ्या खोलीत स्वयंपाकाची फारशी सोय नाही. अर्धापूरची पिकलेली केळी सोलून, काप करून मेसच्या फ्रीजरमध्ये ठेवतो आणि सकाळी शेंगदाण्याचे लोणी, भिजवलेला खजूर व जवसाची पूड घालून फिरवतो. साखर लागत नाही. केकसाठी अंड्याऐवजी एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की ती चिकट होते आणि पीठ धरून ठेवते.

धारूर, बीड जिल्हा, शिक्षिका

बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे आली की आमच्या घरी बासुंदीचा आग्रह होतो. दुधाऐवजी मी भिजवलेल्या काजूंची बारीक वाटण आणि नारळाचे दाट दूध मंद आचेवर एकजीव करते, गूळ घालते आणि पूर्ण गार करते. सीताफळाचा गर त्यानंतरच मिसळायचा, कारण तापवल्यावर तो कडवट होतो. गर काढताना मिक्सर वापरू नये. सीताफळाच्या बिया विषारी असतात आणि त्या फुटून गरात मिसळणे धोक्याचे असते, म्हणून मोठ्या छिद्रांच्या चाळणीवर हलक्या हाताने चोळावे. बिया हाताळल्यावर डोळ्यांना हात लावू नये, हे मुलांना विशेष बजावून सांगावे.

हिवाळ्यात मात्र आमच्याकडे हुलग्याचे माडगेच चालते, आणि त्यात काही बदलावेच लागत नाही. हुलगे खरपूस भाजून दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून उकळत्या गुळाच्या पाण्यात सोडायचे आणि सुंठ, तीळ व चिमूटभर मीठ घालून पिण्याइतके पातळ शिजवायचे. बाळंतिणीला आणि सर्दीने बेजार झालेल्याला हे देण्याची पद्धत आमच्याकडे आहे. जो पदार्थ पूर्वीपासूनच दुधावाचून होत आला, त्याची आठवण आपल्याला बाहेरच्या पाकिटांमुळे व्हावी, हे मला खटकते.

छत्रपती संभाजीनगर, आहारतज्ज्ञ

आतापर्यंतचे अनुभव वाचून आनंद झाला, तरीही काही गोष्टी स्पष्टपणे मांडणे माझे कर्तव्य आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. तीळ, शेवगा, आवळा, ज्वारी यांपैकी कशातही ते पुरेसे नसते. दूधही सोडलेल्या व्यक्तीने ते गोळीतून किंवा ब-१२ मिसळलेल्या पदार्थांतून घेतलेच पाहिजे, आणि किती घ्यावे हे डॉक्टरांना विचारून ठरवावे. त्याच्या कमतरतेने रक्तक्षय होतो आणि नसांना इजा होते, ती वेळीच लक्षात आली नाही तर कायमची राहू शकते.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची. घरच्या सोयाबीनच्या किंवा शेंगदाण्याच्या दुधात ते गाईच्या दुधाइतके नसते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून नाचणीचे सत्त्व आणि तीळ आठवड्यात अनेकदा यावेत. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी घरचे कुठलेही वनस्पतिजन्य दूध देऊ नये.

गुळाविषयी असलेला अतिविश्वासही मला चिंतेचा वाटतो. गुळात थोडी खनिजे असली तरी तो मुख्यतः साखरच आहे आणि मधुमेह्याच्या रक्तात तो साखरेसारखाच वागतो. खजुराचेही तेच. बाजारातून तयार वस्तू घेताना वेष्टनावर दुधाची भुकटी, मठ्ठ्याचे घन किंवा मध लिहिले आहे का हे पाहावे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमांनुसार व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र बोधचिन्हही आहे.

वसमत, हिंगोली जिल्हा, गृहउद्योग चालवणारी

आमच्या तालुक्याच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्यामुळे हळदीच्या दुधाची मागणी माझ्याकडे वर्षभर असते. मी ते शेंगदाण्याच्या दुधात करते. शेंगदाणे निवडताना काळे पडलेले, सुरकुतलेले आणि बुरशी लागलेले दाणे काढून टाकावेत, कारण त्या बुरशीचे विष शिजवूनही जात नाही. उरलेले सहा-सात तास भिजवून, साले काढून वाटावेत, गाळावेत आणि ढवळत उकळावेत. त्यात हळद, सुंठ आणि ताजी कुटलेली मिरी घालते. मिरीमुळे हळदीतले कर्क्युमिन शरीरात अधिक शोषले जाते, म्हणून ती वगळू नये.

याच दुधाचे दहीही लागते. विरजण म्हणून कोमट दुधात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून रात्रभर झाकून ठेवावे. पहिले दही सैल होते आणि त्याला मिरचीचा किंचित वास असतो. त्यातलेच चमचाभर पुढच्या खेपेला विरजण म्हणून वापरले की दही घट्ट आणि गोडसर लागते.

जालना, ग्रंथपाल

लातूरच्या ताईंनी आणि धारूरच्या बाईंनी लिहिल्यावर मला फार सांगण्यासारखे उरले नव्हते, पण अंबाडीचे सरबत कुणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. आपण अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून आवडीने खातो, आणि लाल अंबाडीची बोंडे मात्र धुऱ्यावरच वाळून जातात. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जी लाल, मांसल दले राहतात, ती सोलून घ्यावीत आणि आतले बी काढून टाकावे. एक वाटी दले चार वाट्या पाण्यात दहा मिनिटे उकळून, झाकून मुरू द्यावीत आणि गाळावीत. गूळ, सैंधव आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून माठाच्या गार पाण्यात पातळ केले की मेच्या उन्हातून आलेल्या माणसाला दुसऱ्या कशाची गरज वाटत नाही. वर भिजवलेला सब्जा घालावा. चिया त्याच पद्धतीने फुगते, परंतु सब्जा गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतो आणि खिशाला परवडतो.

हे सरबत आंबट असल्याने कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात उकळू किंवा साठवू नये, स्टीलचे किंवा काचेचे भांडे घ्यावे. ज्यांचे रक्तदाबाचे औषध चालू आहे त्यांनी रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण अंबाडीने दाब आणखी उतरू शकतो. दले सावलीत कडकडीत वाळवून काचेच्या बरणीत भरली की उन्हाळ्यापर्यंत टिकतात. बरणीच्या तळाशी ओल दिसली तर ती पुन्हा पसरून वाळवावीत, आणि बुरशीचा एक जरी ठिपका आढळला तरी सगळा घाणा टाकून द्यावा.