'फ्रॉम हिअर टू इटर्निटी' : कात्री नक्की कुणाची?

रीळघर
कालच्या धाग्यात 'शाईचा डाग' यांनी लिहिलं की हवाईतल्या अमेरिकी शिपायांवरचा १९५३चा हा चित्रपट जेम्स जोन्सच्या कादंबरीपेक्षा सरस झाला तो ब्रीन ऑफिसमुळे, म्हणजे हॉलिवूडच्या स्वतःच्याच सेन्सॉर कचेरीमुळे. बंधनं आली म्हणून सूचकता आली. वाचून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

सूचकता नेमकी कुठे आली ते दाखवा. कॅप्टनची बायको करेन होम्स, तिचंच घ्या. कादंबरीत नवऱ्याकडून तिला गनोरिया होतो आणि गर्भाशय काढावं लागतं. पडद्यावर काय? नवरा दारू पिऊन घरी येतो, डॉक्टर मिळत नाही, मूल दगावतं. तुम्ही म्हणाल, दुःख तेवढंच आहे. नाही! शिपाई ज्या कुंटणखान्यांत जातात त्याच जगातून कॅप्टन रोग घरी आणतो, आणि बराकीपासून बंगल्यापर्यंतची ही साखळी हाच जोन्सचा मुद्दा आहे. ती तोडली की उरतो फक्त एक बेजबाबदार दारुडा.

दुसरं, मिसेस किप्फरचं न्यू काँग्रेस, कादंबरीतला कुंटणखाना. पडद्यावर तो चक्क 'क्लब' होतो, शिपाई सभासद आणि तिथली वेश्या लॉरीन होस्टेस. पैसे साठवून गावी परतायचं आणि तिथे प्रतिष्ठेनं जगायचं, हा तिचा हिशेब तसाच ठेवलाय. पण पैसा कशाचा हेच झाकलं, तर त्या हट्टाला वजन कुठून येणार?

शाईचा डाग
अहो, धंदा कुठला हे १९५३च्या प्रेक्षकालाही कळत होतं. त्यालाच सूचकता म्हणतात. आणि चित्रपटाचा कळस बघा. कादंबरीत शिपाई मॅजिओ वेडा ठरून सैन्यातून सुटतो आणि त्याचा मित्र प्रूइट बिगुलावर 'टॅप्स' (दिवसाअखेर आणि सैनिकाच्या अंत्यविधीत वाजणारी लष्करी धून) वाजवतो ते त्याच्यासाठी नाही. पडद्यावर मॅजिओ मरतो आणि प्रूइट त्याच्यासाठी वाजवतो. आठशेहून जास्त पानांत जे साधलं नाही ते एका प्रसंगात साधलं.

रीळघर
ती कल्पना पटकथाकार डॅनियल टाराडॅशची, ब्रीनची नव्हे. चित्रपट दोन तासांच्या आत हवा हा कोलंबिया स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोनचा हुकूम होता (झाला ११८ मिनिटांचा), म्हणून दोन कथानकं एकमेकांत गुंफावी लागली. पटकथाकाराचं श्रेय सेन्सॉरच्या खात्यावर जमा करू नका.

कवायत
दोघंही चुकीच्या ऑफिसशी भांडताय. खरी कात्री लष्कराची. हवाईतल्या स्कोफील्ड बॅरॅक्स या लष्करी तळावर चित्रीकरण करायचं तर लष्कराचं सहकार्य हवं, आणि त्यासाठी पटकथा आधी त्यांना दाखवायची. त्यात काय गेलं बघा:

कादंबरीतला कॅप्टन होम्स बढती मिळून मेजर होतो. चित्रपटात प्रूइटला बॉक्सिंगसाठी छळल्याबद्दल वरिष्ठ त्याला पकडतात आणि कोर्टमार्शल की राजीनामा असा पर्याय देतात. मग नवा कॅप्टन येऊन भिंतीवरचे बॉक्सिंगचे फोटो उतरवायला लावतो. दिग्दर्शक झिनेमनला हा प्रसंग स्वतःला खटकत होता, भरतीच्या जाहिरातपटासारखा वाटत होता.

आणि स्टॉकेड, म्हणजे लष्करी तुरुंग! कादंबरीत प्रूइट स्वतः तिथे जातो, डोळ्यांसमोर बेरी या कैद्याला मारून टाकलेलं बघतो आणि त्याचा सूड म्हणून तिथला सार्जंट फॅट्सो याला मारतो. चित्रपटात प्रूइट स्टॉकेडचं तोंडही बघत नाही. मारहाण दिसत नाही, मरणारा मॅजिओ ती सांगतो. त्यामुळे क्रौर्य व्यवस्थेचं न राहता एका विकृत सार्जंटचं होतं. 'शाईचा डाग', तुम्हाला आवडलेला 'टॅप्स'चा प्रसंग याच भगदाडावर उभा आहे.

एवढं करूनही नौदलानं हा चित्रपट आपल्या जहाजांवर दाखवू दिला नाही.

शाईचा डाग
मग सहकार्य घ्यायचंच नव्हतं का? खऱ्या बराकी, चौक, कवायतीचं मैदान नसतं तर सगळा चित्रपट स्टुडिओतल्या पुठ्ठ्याच्या भिंतींत करावा लागला असता. घरात बसून तत्त्वं सांगणं सोपं असतं. होम्सचा प्रसंग वाईट आहे, मान्य. तेवढंच मान्य.

कवायत
तेवढंच कसं? कादंबरीचा सगळा राग 'वरचे लोक सुटतात' यावर आहे. शेवट उलटा केलात की राग कुठे राहिला?

हस्तलिखित
मूळ कादंबरी म्हणजे कुठली, हे कुणीच विचारलेलं नाही. १९५१ला स्क्रिब्नर या प्रकाशकानं छापली तीच कापून. बऱ्याच शिव्या काढल्या, आणि होनोलुलूत मॅजिओ पैशांसाठी समलिंगी पुरुषांकडे जातो ते उल्लेखही. ते परत आले २०११च्या आवृत्तीत. म्हणजे कोलंबियाकडे आलेली प्रत आधीच एका चाळणीतून गेलेली.

रीळघर
हे माझ्या लक्षात नव्हतं आलं, आणि यानं माझा मुद्दा थोडा ढिला होतो हेही कबूल. पण प्रकाशकानं शब्द काढले, कथेचा कणा नाही काढला. करेनचा रोग आणि होम्सची बढती स्क्रिब्नरच्या प्रतीतही शाबूत आहेत.

शाईचा डाग
आणि समुद्रकिनाऱ्यावरचा करेन आणि तिचा प्रियकर सार्जंट वॉर्डन यांचा प्रसंग? ब्रीन ऑफिसनं सुचवलं होतं की मिठीआधी दोघांनी अंगावर झगा वगैरे घ्यावा. घेतला का?

रीळघर
नाही घेतला. म्हणजे चित्रपटातली सगळ्यात गाजलेली चौकट उभी राहिली ती ब्रीनचं न ऐकल्यामुळे. तुमच्या विधानाच्या बाजूनं हा दाखला कसा मोजायचा ते तुम्हीच सांगा.