डोक्याला मार लागलेला आरोपी आणि न्यूरोसायकॉलॉजीचा अहवाल : न्यायालयात उपयोग कितपत?

प्रश्न (नवोदित वकील, नागपूर)
विधी सेवा प्राधिकरणामार्फत माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात आरोपी शेतमजूर आहे. घटनेपूर्वी दुचाकीच्या अपघातात त्याच्या कपाळाला जबर मार लागला होता आणि सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या पुढच्या भागात रक्तस्राव दिसला होता. तेव्हापासून तो क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून जातो, असे त्याचा भाऊ सांगतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ खाली, म्हणजे मनोविकल व्यक्तीचे कृत्य गुन्हा ठरत नाही असा, बचाव घ्यायचा झाल्यास न्यूरोसायकॉलॉजीचा अहवाल (मेंदूच्या इजेचा विचारशक्ती व वर्तनावर झालेला परिणाम चाचण्यांनी मोजणारा) पुरेसा ठरेल का?

उत्तर १ (फौजदारी वकील, धंतोली)
मॅडम, केवळ त्या अहवालावर हा बचाव उभा राहणार नाही. कृत्याचे स्वरूप, किंवा ते चुकीचे अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे समजण्यास आरोपी असमर्थ होता का, एवढेच कलम २२ पाहते. राग आवरता न येणे त्यात बसत नाही. मात्र १९६४ च्या दह्याभाई ठक्कर निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की आरोपीवरील सिद्धतेचा भार केवळ संभाव्यतेच्या तराजूवर, म्हणजे कोणती बाजू अधिक शक्य वाटते यावर, तोलायचा असतो, आणि मनोविकलता पूर्ण सिद्ध झाली नाही तरी त्याच पुराव्यातून गुन्ह्याच्या हेतूविषयी वाजवी शंका निर्माण होऊ शकते. घटनेच्या आधीचे, त्या वेळचे आणि नंतरचे वर्तन त्यासाठी महत्त्वाचे असते, म्हणून भावाची साक्ष दुय्यम समजू नका.

उत्तर २ (चिकित्सा मानसशास्त्रज्ञ)
आमची चाचणी आजची क्षमता मोजते, घटनेच्या दिवसाची नव्हे, हे न्यायालयापुढे आपणहून सांगितलेले बरे. एका चाचणीत पत्ते रंग, आकार किंवा संख्येनुसार लावायचे असतात आणि परीक्षक न सांगता मधेच नियम बदलतो. "चूक" हा शब्द पुन्हापुन्हा ऐकूनही मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेला माणूस अनेकदा जुन्याच नियमाने पत्ते लावत राहतो. पण शाळेची पायरी न चढलेल्या, वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाचे गुण शहरी पदवीधरांच्या मानकांशी ताडले, तर निरोगी माणूसही अधू ठरेल. असे अहवाल पाहिले की मला फार वाईट वाटते, कारण त्यांवर कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते.

प्रश्नकर्ती
आरोपी सोंग करतो आहे, असे सरकारी वकील म्हणाले तर?

उत्तर २ (पुढे)
त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत. आधी दाखवलेले चित्र दोनांतून ओळखायचे असते. डोळे मिटून उत्तरे दिली तरी निम्मी बरोबर येतात. त्याहून बरीच कमी आली, तर बरोबर उत्तर ठाऊक असूनही टाळले गेल्याचा संशय बळावतो. हे निष्कर्ष अहवालात अवश्य मागा.

उत्तर १ (पुढे)
ब्रेन मॅपिंगशी, म्हणजे तपासात मेंदूतील विद्युतलहरी नोंदवून आरोपीला गुन्ह्याची माहिती आहे का हे पाहण्याच्या चाचणीशी, याची गल्लत होऊ देऊ नका. संमतीविना ते करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सेल्वी निकालाने २०१० मध्ये ठरवले आहे. तुमच्या प्रकरणात मला न्यूरोसायकॉलॉजीच्या अहवालाचा खरा उपयोग दिसतो तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ३६८ खाली, म्हणजे आरोपीला आज खटला समजतो का आणि बचाव करता येतो का, या प्रश्नावर. दोषी ठरलाच, तर शिक्षेच्या सुनावणीतही तो अहवाल ठेवता येईल. अपघातावेळचे डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनची मूळ फिल्म आधी मिळवा; चाचणी त्यानंतर करून घ्या.